रंगखोलीतल्या वहिनी

आजवर माझ्या हातून रजेचे अर्ज आणि फार तर चार-पाच पत्रं लिहून झाली असतील. तेव्हा हे नीट उतरेल याची खात्री नाही. पण वहिनींबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ज्यांना लिहिता येतं ते वहिनींना ओळखत नव्हते.

मी त्यांचा धाकटा दीर. चिनी मातीच्या टाइल्स, कपबश्या आणि कुंड्या करणाऱ्या एका लहान कारखान्यात मी भट्टी लावायचो आणि वहिनी रंग कालवायच्या. घरी एकच स्वयंपाकघर, कारखान्यात एकच छप्पर. मी त्यांना 'तुम्ही वहिनी' आणि त्या मला 'तुम्ही भावोजी'. भांडतानासुद्धा.

आमचा दादा शिंपी. लग्न होऊन आल्यावर वहिनी दुकानात बटणं लावायला बसू लागल्या. गिऱ्हाइकानं कापड टेबलावर टाकलं की दादा कात्रीवरची नजर न काढता हात मागे करायचा, आणि वहिनी त्या हातात दोऱ्याचं रीळ ठेवायच्या. दारात उन्हात नेऊन बघितलं तरी दोरा कापडात हरवलेला असायचा. दादा म्हणायचा, "हिला डोळे नाहीत, तराजू आहे."

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले आणि दादाच्या मशीनला दुपारची झोप मिळू लागली. कारखान्यात रंग गाळायच्या चाळण्या धुवायला माणूस हवा होता. मीच वहिनींचं नाव सुचवलं. दोन वर्षं त्यांनी चाळण्या धुतल्या. ते काम म्हणजे दिवसभर मनगटापर्यंत गार पाण्यात हात आणि पाठ कमानीसारखी.

तेव्हा रंगखोलीत एक म्हातारे रंगमिस्त्री होते. सगळ्या रंगांची मापं त्यांच्या डोक्यात. एक दिवस म्हणाले, "उद्यापासून येत नाही," आणि लेकीकडे राहायला निघून गेले. मापंही त्यांच्याबरोबर गेली. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक न्हाणीघरातली फुटकी टाइल घेऊन आलं. अगदी तशाच बारा हव्या होत्या. मालक टाइल हातात घेऊन डोकं खाजवत उभे होते. वहिनी ओल्या हातांनी तिथून चालल्या होत्या.

"मी बघू का?"

"चाळण्या झाल्या?" मालक म्हणाले.

"झाल्या. बघू?"

पाचव्या भाजणीत रंग जुळला. मालकांनी फुटकी टाइल आणि नवी टाइल टेबलावर ठेवली आणि स्वतःच विसरले कुठली कुठली ते. नशिबानं एक फुटकी होती. त्या दिवसापासून रंगखोलीची किल्ली वहिनींच्या कमरेला आली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या धंद्यातले रंग दिसतात तसे नसतात. मातीच्या भांड्यावर काचेचा जो पातळ थर चढतो त्याला आम्ही ग्लेझ म्हणतो. त्यात धातूंची पूड मिसळायची आणि भट्टीत भाजायचं. कोबाल्टची पूड काळी, भट्टीतून निघते निळी. मँगनीजची पूडही काळीच, ती निघते तपकिरी नाहीतर जांभळी. दोन काळ्या बरण्या शेजारी ठेवल्या तर देवसुद्धा चुकेल. दोऱ्याचा रंग दिसतो तोच असतो. इथं मात्र कच्चा रंग बघून पक्का डोळ्यांपुढे आणावा लागतो. वहिनींनी ते कसं साधलं मला माहीत नाही. त्यांनी मातीच्या रुपयाएवढ्या चकत्या केल्या होत्या. प्रत्येकीवर एका बाजूला कच्ची पूड चोळलेली आणि दुसऱ्या बाजूला भाजलेला रंग. भिंतीवर दोऱ्यात ओवलेल्या अशा चारशे तरी चकत्या होत्या.

आणि बरण्यांना त्यांनी नावं दिली होती. धातूंची नावं जिभेवर बसेनात, म्हणून घरचीच माणसं वापरली. कोबाल्ट म्हणजे सासूबाई. चिमूटभर पडला तरी सगळी बादली त्याच्या ताब्यात. लोखंड म्हणजे जावई. किती मान दिला त्यावर पिवळा, तपकिरी की काळा ते ठरणार. तांबं म्हणजे नणंद. भट्टीत हवा खेळती असली तर हिरवी, हवा कोंडली तर लालबुंद. मँगनीज म्हणजे मामा, कुणाशेजारी बसतो त्यावर अवलंबून. आणि क्रोम म्हणजे भावोजी.

"मी कशाला त्यात?" मी एकदा विचारलं.

"बरणीत हिरवा, भट्टीतून निघाला तरी हिरवा," वहिनी म्हणाल्या. "आत एक बाहेर एक नाही. डोक्याला ताप नाही."

आमची आई तेव्हा होती. तिला हे समजल्यावर आता घरात भट्टी लागणार असं मला वाटलं. पण तिनं एवढंच विचारलं, "किती टाकतेस गं मला?"

"शंभराला पाव."

"एवढीशी पुरते?"

"पुरून उरता."

आई तीन दिवस ज्याला त्याला हे सांगत फिरत होती.

अशी बरीच वर्षं गेली. मग मालकांनी एक केमिस्टबाई आणली. नुकती शिकून आलेली, केस घट्ट बांधलेले, खिशात तीन पेनं. मालक तिला रंगखोलीत घेऊन आले तेव्हा मी तिथं चहाचा कप ठेवायला गेलो होतो.

"मावशी, या बरणीत काय आहे?" तिनं विचारलं.

"मावशी नको. इथं मालकसुद्धा वहिनी म्हणतात. त्यात सासूबाई आहेत."

केमिस्टबाईनं एक पाऊल मागं घेतलं.

"आणि यात?"

"नणंद. ते झाकण घट्ट लावा, सांडेल."

मालक छताकडे बघत होते. केमिस्टबाईनं बरण्या बघितल्या, वहिनींची काळी नखं बघितली, तोंडाला बांधायचा जुना रुमाल बघितला. मग अगदी हळू म्हणाली, "वहिनी, ही पूड छातीत जाते. रुमालानं भागत नाही." तिनं स्वतःच्या पिशवीतून मास्क काढून दिला. मला ती तिथंच आवडली. पण पुढचं ऐकल्यावर आवडणं जरा मागं पडलं.

मालक म्हणाले, "बाई, महिनाभर बघा आणि मला सांगा. ही खोली ठेवायची, की बाहेरून तयार रंगाच्या पिशव्या मागवायच्या."

तयार पिशवीला फक्त कात्री लागते. संध्याकाळी घरी चालत येताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, काढून टाकलं तर मी दुकानात बसेन. पण मालक चांगले आहेत, काढणार नाहीत. परत चाळण्यांवर बसवतील."

तो महिना मजेत गेला असं म्हणायला हरकत नाही. दोघींची रोज जुंपायची. केमिस्टबाई काट्यावर तोलायची, वहिनी चमच्यानं घालायच्या. एकदा पैजच लागली. वहिनींनी चमचाभर पूड काट्यावर टाकली. दहा ग्रॅम हवी होती, दहाच्या पुढे एक केसभर भरली. मी टाळ्या वाजवल्या.

"छान," केमिस्टबाई म्हणाली. "आणि तुम्हाला ताप आलेला असेल त्या दिवशी?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, "बाई, पण यांचेच रंग का? मीठ, चुना, जस्त, किती काय घालतो आपण. ते का नाही रंग दाखवत?"

केमिस्टबाई खुश झाली. तिनं पाठकोऱ्या कागदावर चौकटी काढल्या. "जगातले सगळे मूळ पदार्थ अशा तक्त्यात बसवले आहेत. तुमचे सगळे मधल्या पट्ट्यात. बघा, क्रोम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं. ओळीनं. यांना संक्रमण धातू म्हणतात."

"म्हणजे सगळी एकाच आळीतली? तरीच!"

"यांच्याकडे इलेक्ट्रॉन असतात, ते हे इतरांना देतात. चुना देतो तेव्हा दोनच देतो, विषय संपला. पण लोखंड कधी दोन देईल, कधी तीन. मँगनीज तर सातपर्यंत जातं. किती दिले आणि शेजारी कोण बसलं, त्यावर रंग बदलतो."

"आणि जस्त?"

"या ओळीच्या टोकाला. पण ते नेहमी दोनच देतं. म्हणून रंग नाही."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "जस्तानं मला कधी दगा दिला नाही आणि कधी हसवलंही नाही."

केमिस्टबाईनं सांगितलं की हीच आळी जगभर राबते. नळाची चकाकी क्रोमची, चमच्याची निकेलची, तारेतून वीज नेतं ते तांबं, आणि आपल्या रक्ताचा लाल रंगही लोखंडाचाच. वहिनी स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिल्या. "जावई इथपर्यंत आलेत?"

महिना संपायला आठवडा राहिला असताना मोठं काम आलं. एका प्रसूतिगृहाच्या भिंतींसाठी दोन हजार टाइल्स, सगळ्या पांढऱ्या. पांढरा आम्ही कथलाच्या पुडीनं करतो, पण तसं काम क्वचितच येतं. वहिनी म्हणायच्या, पांढऱ्यासारखा अवघड रंग नाही, त्यात चूक लपायला जागा नसते. त्यांनी खोली स्वतः धुतली, नव्या बादल्या घेतल्या, चाळण्याही दुसऱ्या कुणाला धुऊ दिल्या नाहीत. काट्यावर तोललं, आणि तेही केमिस्टबाई समोर असताना. पहिल्या सहाशे टाइल्स भट्टीवर आल्या.

आता माझं. भट्टी भरताना वरची एक फळी रिकामी राहत होती. रिकामी फळी भाजणं भट्टीवाल्याला बघवत नाही. एवढा जाळ, एवढी उष्णता, आणि वर नुसती हवा. कोपऱ्यात चाळीस हिरव्या कुंड्या आठ दिवस पडून होत्या. मी त्या वर ठेवल्या. कुणाला विचारलं नाही, कारण असं कधीच विचारावं लागलं नव्हतं. दार विटांनी बंद केलं आणि भट्टी लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भट्टी निवली. मी नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आलो, दार उघडलं, कुंड्या काढून बाहेर भिंतीशी रचल्या. झकास हिरव्या. मग टाइल्स काढू लागलो आणि माझा हात थांबला.

वरच्या रांगा गुलाबी होत्या. भडक नाही. नुकत्याच अंघोळ घातलेल्या बाळाच्या गालासारख्या. खालच्या रांगांत तो रंग विरत गेला होता आणि अगदी तळाशी टाइल्स पांढऱ्याशुभ्र.

मालक आले, केमिस्टबाई आली, वहिनी आल्या.

"वहिनी, पांढऱ्यात काय पडलं?" मालक म्हणाले.

"काही नाही."

"मग हे काय?"

"मला माहीत नाही."

एवढ्या वर्षांत वहिनींच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. केमिस्टबाई बादलीतला नमुना घेऊन गेली. मालक म्हणाले, "परवा परत भट्टी लागायला हवी. तोवर कारण सापडलं तर ठीक. नाहीतर मी पिशव्या मागवतो. प्रसूतिगृहाला मी कुणाकुणाच्या चमच्याच्या गोष्टी सांगू?"

मी तिथंच उभा होतो. सगळ्यात गुलाबी टाइल्स कुंड्यांच्या अगदी खालच्या होत्या, हे मी सोडून कुणाला माहीत नव्हतं. पण हिरव्यानं गुलाबी कसं होईल? हिरवं उडालं तर हिरवे डाग पडतील. असं मी स्वतःला समजावलं आणि गप्प बसलो. बोलायला हवं तेव्हा माझी जीभ नेहमीच टाळ्याला चिकटते. त्या दिवशी तिला चांगलं कारणही मिळालं होतं.

रात्री जेवताना वहिनींनी ताटात बोटं फिरवली फक्त.

"दोरा चुकला का?" दादानं विचारलं.

"दोरा बरोबर होता. कापडच बदललं."

मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण माझंच काहीतरी पडलं असेल. नखात राहिलं असेल. वय झालं आता, डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा?" आणि दिव्याखाली नखं बघत बसल्या.

ते वाक्य ऐकून मी ताट सरकवलं. मालकांनी म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं.

सकाळी कारखान्यात गेल्या गेल्या मी रंगखोलीच्या दारात उभा राहिलो. केमिस्टबाई डोळे लाल करून बसली होती. तीन वेळा बादली तपासून तिला काही सापडलं नव्हतं. वहिनी चकत्या चाळत होत्या.

"वहिनी, वरच्या फळीवर कुंड्या होत्या."

"कुठल्या कुंड्या?"

"हिरव्या. चाळीस. मीच ठेवल्या. काल सांगायला हवं होतं."

वहिनींनी बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे भावोजींनी भावोजी ठेवले?"

केमिस्टबाई उठलीच. टेबलावरची पुस्तकं पाडत तिनं एक जाड पुस्तक ओढलं, पानं उलटली, आणि कपाळावर हात मारला.

"क्रोम उडतं! बाराशे अंशांच्या आसपास अगदी थोडं वाफ होऊन उडतं. आणि जवळ कथील असलं की त्यावर बसून गुलाबी होतं."

"हिरवं?" वहिनी म्हणाल्या. "उडून गुलाबी?"

"एक ओळ आहे इथं. परीक्षेला पाठ केली होती मी. भट्टीसमोर आठवलीच नाही. मी आपली बादलीच तपासत बसले."

"पुस्तकात आहे ते ठीक," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला परत धार आली होती. "पण मालकांना चकती दाखवायला लागेल."

चाचणीची छोटी भट्टी तासाभरात तयार झाली. झाकणाच्या दोन मातीच्या पेट्या घेतल्या. एकीत नुसती पांढरी चकती. दुसरीत पांढरी चकती आणि शेजारी एक हिरवा कच्चा कप. पांढरं दोन्हीकडे एकाच बादलीतलं. त्या दिवशी मी भट्टीसमोरून हललो नाही. जेवणाचा डबा केमिस्टबाईनं आणून दिला आणि म्हणाली, "काका, एवढं मनाला लावून घेऊ नका." मी मान हलवली आणि लावून घेत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मालकांसमोर पेट्या उघडल्या. पहिली पांढरी. दुसरी उघडताना वहिनींनी डोळे मिटून घेतले होते, म्हणून आधी मी बघितली.

"गुलाबी," मी म्हणालो.

"किती?"

"कपाच्या बाजूनं जास्त."

वहिनींनी डोळे उघडले आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की मातीखात्यातली माणसं गोळा झाली. "शहाणा, सरळ, आत एक बाहेर एक नाही! आणि दार बंद झालं की शेजाऱ्याच्या घरात!"

मालक हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "भट्टीवाले, तुमच्यासारख्या जुन्या माणसानं..."

"त्यांना कुणी सांगितलं होतं का?" वहिनी मध्येच म्हणाल्या. "मलाच माहीत नव्हतं, ते कुठून सांगणार? फळी रिकामी दिसली तर तुम्हीच ओरडता ना त्यांच्यावर?"

मालकांना ते आठवलं असावं. त्यांनी घसा साफ केला आणि केमिस्टबाईला विचारलं, "मग बाई, पिशव्यांचं काय?"

"पिशवीतला पांढराही असाच गुलाबी झाला असता," ती म्हणाली. "आणि त्यातली चूक शोधायला आपल्याकडे कुणी नसतं. खोली राहू द्या. वहिनीच बघतील. पण सगळं काट्यावर तोलायचं आणि वहीत लिहायचं. त्यांना ताप आला तरी भट्टी थांबू नये म्हणून."

"लिहीन," वहिनी म्हणाल्या. "अक्षराला हसायचं नाही."

"नाही हसणार."

"आणि माझीही एक अट आहे."

मालक म्हणाले, "आता तुमचीही?"

"भट्टीत काय काय जाणार ते दार लावायच्या आधी मला कळलं पाहिजे. प्रत्येक वेळी. फळीवार."

मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि ते निघून गेले. पुढच्या भट्ट्यांत नुसत्या पांढऱ्या टाइल्स भाजल्या आणि त्या पांढऱ्याच निघाल्या. प्रसूतिगृहाचं काम वेळेत पोहोचलं. तो गुलाबी मुद्दाम आणायला मात्र दोघींना चार महिने लागले. क्रोम इतकं कमी लागायचं की वहिनींना ते तोलताना श्वास धरावा लागे. तो रंग पुढे आमच्या कपांवर चांगला खपला. वहिनींची वही आता कारखान्यात चौथी का पाचवी चालू आहे. अक्षर मोठं आहे, पण लागतं.

त्यांची अट त्यांनी एक दिवसही सोडली नाही. पांढऱ्या भट्ट्यांत सांगायला एकच रंग होता; त्या संपून मिसळ मालाची भट्टी भरली तेव्हा मी पहिल्यांदा फळीवार सांगायला रंगखोलीच्या उंबऱ्याशी उभा राहिलो. आत केमिस्टबाई, बाहेर मातीखात्यातले दोघं-तिघं मजा बघायला.

"वरची फळी?" वहिनींनी वहीवरून डोळे न उचलता विचारलं.

"निळ्या बश्या. ऐंशी."

"दुसरी?"

"तपकिरी कप."

"किती?"

मी थांबलो. "असतील शंभरेक."

"असतील?" वहिनींनी पेन खाली ठेवलं. "भावोजी, जा, मोजून या."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी गेलो, एकेक कप बोटानं मोजला आणि परत येऊन सांगितलं, "ब्याण्णव. आणि मागं दोन हिरव्या कुंड्या निघाल्या, काल कुणीतरी सरकवलेल्या."

"पांढरं काही आहे आत?"

"नाही."

"मग राहू द्या," वहिनी म्हणाल्या आणि वहीत लिहू लागल्या. "लावा दार."